फाइल उचलून आणायची की तिथेच उघडायची? – एफटीपी, एनएफएस, एसएमबी वगैरे

उंबरठा

दोन-चार संगणकांमध्ये फाइली वाटून घ्यायच्या आहेत, कोणता प्रोटोकॉल (संगणकांनी आपसात बोलायची ठरलेली पद्धत) वापरू, असा प्रश्न तंत्रज्ञान विभागात सारखा येतो. उत्तरं बहुतेक वेळा वेगावर घसरतात: अमुक जलद, तमुक हळू. मला वेगाचा मुद्दा दुय्यम वाटतो. गिगाबिट जाळ्यावर एकच मोठी फाइल पाठवायची असेल तर कुठलाही धड प्रोटोकॉल सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास पोचतो, त्यापुढे तारच आडवी येते. कस लागतो तो वेगळ्या वेळी. एकच फाइल दोघांनी एकदम उघडली, लिहिता लिहिता वायफाय गेलं, सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा उठला. त्या क्षणी कोणाला काय आठवतंय, यावर फाइल शाबूत राहते की नाही ते ठरतं.

म्हणून आधी स्वतःला विचारा, फाइल उचलून आणायची आहे, की आहे तिथेच ठेवून उघडायची आहे?

उचलून आणणाऱ्यांत एफटीपी, एसएफटीपी, आरसिंक येतात. प्रत हातात आली की व्यवहार संपला. तिथेच उघडणाऱ्यांत एनएफएस, एसएमबी आणि मॅकचा जुना एएफपी. यांत दूरची डिस्क आपल्याच संगणकाची असल्यासारखी माउंट होते आणि प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. तो नेहमीसारखा फाइल उघडतो, मधल्याच चार ओळी बदलतो, लॉक लावतो, म्हणजे आपलं होईपर्यंत इतरांना लिहू देत नाही. जाळ्यापलीकडून हे सगळं जसंच्या तसं घडवणं फार अवघड आहे, आणि मला या धाग्यात त्या अवघडपणाबद्दलच बोलायचं आहे.

सुरुवात एफटीपीपासून करतो, कारण तो सगळ्यांत जुना. अभय भूषण यांनी एमआयटीत असताना त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ म्हणून मांडला (जाळ्याच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज म्हणजे आरएफसी). भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. तेव्हा आजच्या इंटरनेटचा पाया असलेलं टीसीपी/आयपीसुद्धा नव्हतं. आज जो एफटीपी चालतो तो १९८५ च्या आरएफसी ९५९ मधला. यात जोडण्या दोन: पोर्ट (यंत्राचं ठरावीक क्रमांकाचं दार) २१ वर आज्ञा जातात आणि प्रत्येक फाइलसाठी डेटाची वेगळी जोडणी उघडते. मूळ पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर उलट तुमच्याकडे उघडतो. जगात राउटर आणि फायरवॉल आल्यावर ते जमेना, म्हणून दुसरी जोडणीही तुमच्याच बाजूने उघडणारा पॅसिव्ह मोड वापरात आला. शिवाय पासवर्ड उघडा जातो, तारेवर कान लावून बसलेल्या कोणालाही वाचता येतो. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनी २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला. नव्या कामासाठी तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एसएफटीपी नावाने भाऊ वाटला तरी त्याचा एफटीपीशी संबंध नाही. तो एसएसएचच्या (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या प्रोटोकॉलच्या) आतून, पोर्ट २२ वरच्या एकाच जोडणीतून चालतो आणि सगळं कूटबद्ध असतं.

एनएफएस आणि एसएमबीवर जाणकारांनी लिहावं.

तारायंत्र

चांगला धागा. एनएफएसबद्दल मी लिहितो, कारण त्याची रचना मला आजही सुंदर वाटते.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमारास तो बनवला. बाहेरच्या जगाला मिळाली ती दुसरी आवृत्ती, आणि तिचा पाया एका निर्णयावर उभा होता: सर्व्हरने काहीही लक्षात ठेवायचं नाही. कोणी कोणती फाइल उघडली आहे, कोण कुठवर वाचून थांबलं आहे, याची नोंद सर्व्हरकडे नाहीच. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण. "या हँडलच्या (ओळखखुणेच्या) फाइलमधले इतक्या क्रमांकापासून पुढचे इतके बाइट दे", एवढ्यात सगळं आलं. त्यामुळे सर्व्हर कोसळून पुन्हा उठला तर त्याला कुणाची ओळख नव्याने पटवायची गरज पडत नाही. क्लायंट, म्हणजे फाइल मागणारं यंत्र, तीच विनंती परत परत पाठवत राहतो. सर्व्हर जिवंत झाला की उत्तर येतं आणि तुमचा प्रोग्रॅम जिथे थांबला होता तिथून पुढे सरकतो. ज्या काळात यंत्रं वारंवार बंद पडायची त्या काळात हे केवढं मोठं काम होतं!

पण किंमत मोजावी लागली. सर्व्हरला काही आठवत नसेल तर "लिहिलं" असं उत्तर देण्याआधी डेटा खरोखर डिस्कवर उतरलेला हवा, नाहीतर वीज गेल्यावर तो कायमचा गेला. म्हणून दुसऱ्या आवृत्तीत लेखन फार मंद होतं. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने यावर तोडगा काढला: आधी भराभर पाठवा, सर्व्हर मेमरीत ठेवेल, आणि शेवटी कमिट म्हणा. मधल्या काळात सर्व्हर पुन्हा सुरू झाला असेल तर क्लायंटला ते एका खुणेवरून कळतं आणि तो सगळं परत पाठवतो.

लॉकचं काय? जो काही लक्षातच ठेवत नाही तो लॉक कसा ठेवणार? म्हणून लॉकसाठी शेजारी वेगळा प्रोटोकॉल उभारावा लागला, आणि तो शेवटपर्यंत दुबळा दुवाच राहिला. उघडी फाइल खोडली तर काय, हाही असाच पेच. युनिक्समध्ये उघडी फाइल खोडली तरी ती बंद करेपर्यंत वाचता येते. सर्व्हरला ती उघडी असल्याचं माहीतच नसल्याने क्लायंटच तिचं नाव गुपचूप बदलून ठेवतो. डॉट-एनएफएसने सुरू होणाऱ्या विचित्र नावांच्या फाइली दिसतात त्या याच. त्या हाताने खोडू नका, कोणीतरी त्या वापरत असतं.

चौथ्या आवृत्तीने (पहिला आरएफसी २००० मधला) हा बाणा सोडला. फाइल उघडणं, लॉक, ठरावीक मुदतीचा करार हे सगळं मुख्य प्रोटोकॉलमध्ये आलं आणि एका २०४९ पोर्टवर काम भागू लागलं. आज नवीन मांडणी करणाऱ्याने चौथीच घ्यावी.

नीलमोहोर

@तारायंत्र, फार छान समजावलंत. एक शंका आहे. माझ्या लॅपटॉपवर एनएफएसचं फोल्डर माउंट केलेलं असतं. लॅपटॉप दुसऱ्या जाळ्यावर नेला की फाइल मॅनेजर पूर्ण गोठतो. प्रोग्रॅम बंदही करता येत नाही. यावर उपाय काय?

तारायंत्र

@नीलमोहोर, तुम्ही वर्णन केलंत ते हार्ड माउंटचं वागणं. क्लायंट सर्व्हरची वाट पाहतो, आणि अनंतकाळ पाहतो. सॉफ्ट माउंटमध्ये काही प्रयत्नांनंतर तो हार मानतो आणि प्रोग्रॅमला चूक कळवतो. ऐकायला सॉफ्ट बरा वाटतो, पण तिथे धोका आहे. पुष्कळ प्रोग्रॅम लिहिताना आलेली चूक नीट तपासत नाहीत. त्यांना वाटतं फाइल जतन झाली आणि प्रत्यक्षात निम्मीच पोचलेली असते. म्हणून नियम असा ठेवा: फक्त वाचायचं असेल तर सॉफ्ट चालेल, लिहायचं असेल तर हार्डच.

लॅपटॉपसाठी कायमचं माउंट करूच नका. लिनक्सवर ऑटोमाउंट लावा. फोल्डरला हात लावला की ते जोडलं जातं आणि काही वेळ वापर नसला की सुटतं. फिरत्या यंत्राला एनएफएस मुळातच फारसा मानवत नाही. तो एका जागी बसलेल्या वर्कस्टेशनांसाठी जन्मला आहे.

कुलूपकिल्ली

एनएफएसचं कौतुक चाललं आहे तर त्याची सुरक्षेची बाजूही नोंदवायला हवी. नेहमीच्या मांडणीत सर्व्हर क्लायंटच्या शब्दावर विश्वास ठेवतो. क्लायंट सांगतो, "मी वापरकर्ता क्रमांक १०००", सर्व्हर म्हणतो बरं. पासवर्ड नाही, काही नाही. ज्याच्याकडे स्वतःच्या लॅपटॉपवर रूट (सर्वोच्च) अधिकार आहेत तो कुठलाही क्रमांक धारण करू शकतो. रूट-स्क्वॅश ही सर्व्हरवरची सोय फक्त रूटच्या शून्य क्रमांकाला अडवते, बाकीच्यांना नाही. केर्बेरॉस (वापरकर्त्याची ओळख पटवणारी यंत्रणा) लावलं तर हे सुटतं, पण ते उभारणं कष्टाचं आहे. २०२२ मध्ये आरएफसी ९२८९ ने आरपीसीसाठी (एनएफएसच्या विनंत्या ज्यातून जातात त्या थरासाठी) टीएलएसची, म्हणजे जोडणी कूटबद्ध करण्याची, वाट मोकळी केली आहे, त्यामुळे पुढे हे सोपं होईल. तोवर ज्या जाळ्यावर अनोळखी यंत्रं जोडली जातात तिथे साधा एनएफएस उघडा ठेवू नये.

आता एसएमबी, म्हणजे विंडोजची फाइली वाटण्याची पद्धत. याचा स्वभाव नेमका उलटा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तो घडवला, डॉसच्या फाइली जाळ्यावर नेण्यासाठी. इथे सर्व्हरला सगळं आठवतं. कोण आत आलं आहे, कोणी कुठली फाइल उघडली आहे, आणि उघडताना इतरांना काय करायला मज्जाव केला आहे. "ही फाइल दुसरं कोणीतरी वापरत आहे, फक्त वाचण्यासाठी उघडू का?" हा वर्डचा संदेश आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्यामागे हाच हिशोब असतो.

त्यातली ऑपलॉक ही कल्पना समजून घेण्यासारखी आहे. तुम्ही एकट्याने फाइल उघडली असेल तर सर्व्हर तुम्हाला मुभा देतो: बदल तुझ्याकडेच साठव, प्रत्येक अक्षरासाठी माझ्याकडे येऊ नकोस. काम भरभर होतं. मग दुसऱ्या कोणी तीच फाइल मागितली की सर्व्हर पहिल्याला निरोप धाडतो, मुभा संपली, साठवलेलं माझ्याकडे पाठव. ते येईपर्यंत दुसरा थांबतो. एनएफएसमध्ये (चौथ्या आवृत्तीतल्या डेलिगेशन या अशाच मुभेचा अपवाद सोडला तर) सर्व्हर आपणहून असं काही कळवत नाही. फाइल उघडताना क्लायंट ताजेपणा तपासतो आणि बंद करताना बदल पाठवतो. मधल्या काळात लिनक्स क्लायंट फाइलची माहिती साधारण ३ ते ६० सेकंद आपल्या साठ्यातूनच देऊ शकतो. "मी तिकडे बदल केला, इकडे का दिसत नाही?" या प्रश्नाचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.

एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीत शंभराहून जास्त आज्ञा साचल्या होत्या. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने त्या १९ वर आणल्या. जोडणी क्षणभर तुटली तरी उघडी फाइल हातची जाऊ नये, ही सोयही तिथूनच सुरू झाली. २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत कूटबद्धता आणि एकाच वेळी अनेक जाळ्यांच्या मार्गांनी डेटा नेण्याची सोय आली.

आणि पहिली आवृत्ती आज चालू असेल तर कृपया बंद करा. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्यातली गंभीर भेग बुजवणारा अपडेट काढला, आणि ज्यांनी तो लावला नव्हता त्यांच्यावर मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम कोसळला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांची कामं ठप्प झाली होती.

दवबिंदू

सांबाचा उल्लेख अजून कसा आला नाही? लिनक्सवर एसएमबी आणणारा तोच.

अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत त्याची सुरुवात केली. प्रोटोकॉलची कागदपत्रं हाताशी नव्हती, म्हणून तारेवरून जाणारी पॅकेटं पाहून पलीकडचा काय बोलतो आहे ते त्यांनी ओळखलं. पुढे कितीतरी वर्षं सांबाच्या मंडळींनी असंच काम केलं. युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टविरुद्ध निर्णय दिला, २००७ मध्ये न्यायालयाने तो उचलून धरला आणि त्या वर्षअखेरीस अधिकृत दस्तऐवज सांबाला मिळाले. आज घरगुती नॅस पेटीत (जाळ्यावर फाइली साठवणाऱ्या यंत्रात) बहुतेक वेळा सांबाच असतो. इतक्या लोकांच्या फाइली ज्याच्या भरवशावर आहेत ते काम वर्षानुवर्षं निरीक्षणातून उभं राहिलं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आरसिंकही ट्रिजेल यांचाच, पॉल मॅकेरास यांच्यासोबत, १९९६ चा.

उंबरठा

@दवबिंदू, आरसिंकचं नाव घेतलंत ते बरं झालं. त्याच्याबद्दलचा एक गैरसमज दूर करायचा आहे.

आरसिंकची ख्याती अशी की फाइलचा बदललेला भागच तो पाठवतो. खरं आहे. दोन्ही टोकांना आरसिंक चालतो. एक बाजू आपल्या जुन्या प्रतीच्या ठोकळ्यांचे चेकसम (मजकुरावरून काढलेले छोटे आकडे) पाठवते, दुसरी बाजू नव्या फाइलवरून सरकता चेकसम फिरवत तेच ठोकळे शोधते आणि न सापडलेला मजकूरच धाडते. पण पुष्कळजण आधी एसएमबी किंवा एनएफएसने फोल्डर माउंट करतात आणि मग आरसिंकला दोन "स्थानिक" मार्ग देतात. तसं केलं की आरसिंक हा हिशोब सोडून देतो आणि अख्खी फाइल पाठवतो. ते बरोबरच आहे, कारण फरक शोधायलाही त्याला आख्खी जुनी फाइल जाळ्यावरून वाचावी लागली असती. फायदा हवा असेल तर पलीकडेही आरसिंक चालू द्या, म्हणजे एसएसएचमधून जा.

नीलमोहोर

मग लहान लहान फाइली हजारोंनी असतील तेव्हा कॉपी इतकी का रखडते? एक मोठी फाइल झटकन जाते आणि तेवढ्याच आकाराचं फोल्डर संपता संपत नाही.

तारायंत्र

ते गणित सोपं आहे, करूनच पाहू. प्रत्येक फाइलसाठी उघडणे, माहिती विचारणे, वाचणे, बंद करणे अशा चार फेऱ्या धरा. फाइली १०,०००. जवळच्या जाळ्यावर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागला तर एकूण २० सेकंद. हेच दूरच्या सर्व्हरवरून, एका फेरीला ४० मिलिसेकंद, तर १,६०० सेकंद, म्हणजे जवळजवळ २७ मिनिटं. यात डेटा पाठवण्याचा वेळ धरलेलाच नाही! जोडणी कितीही रुंद घ्या, हे आकडे हलत नाहीत, कारण वेळ सगळा उत्तराची वाट पाहण्यात जातो.

म्हणून दूरच्या कामाला माउंट करणारे प्रोटोकॉल जड जातात. सगळं फोल्डर टार करून (एकत्र गुंडाळून) एसएसएचमधून एकाच प्रवाहात सोडा किंवा आरसिंक वापरा. आरसिंक एका फाइलच्या उत्तरासाठी न थांबता पुढच्या फाइलींची बोलणी चालू ठेवतो.

पाऊलवाट

मला हे सगळं वाचून वाटतंय की माउंट करायच्या भानगडीत पडावंच कशाला? मी सिंकथिंग वापरतो. प्रत्येक यंत्रावर पूर्ण प्रत, मध्ये सर्व्हर नाही, जोडण्या टीएलएसने बंदिस्त. जाळं गेलं तरी काम चालू. सर्वांना हेच सुचवेन.

कुलूपकिल्ली

@पाऊलवाट, एकाच माणसाची दोन-तीन यंत्रं असतील तर तुमचा सल्ला अगदी योग्य. अनेक माणसं असतील तर मला तो पटत नाही. सिंक करणाऱ्यांत लॉक नसतो. दोघांनी एकाच वेळी एकच फाइल बदलली तर सिंकथिंग प्रामाणिकपणे दोन्ही ठेवतो, एकीच्या नावात सिंक-कॉन्फ्लिक्ट जोडतो. साधा मजकूर असेल तर तुम्ही दोन्ही शेजारी ठेवून जुळवाल. हिशोबाची स्प्रेडशीट असेल तर कशी जुळवणार?

पाऊलवाट

मान्य, स्प्रेडशीटचा मुद्दा बिनतोड आहे. पण मग डेटाबेसची फाइल एसएमबीवर ठेवली तर लॉकमुळे ती सुरक्षित राहील ना?

कुलूपकिल्ली

नाही! हे ठळक अक्षरांत लिहायला हवं. एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसच्या कर्त्यांनीच त्यांच्या दस्तऐवजांत जाळ्यावरच्या फाइलप्रणालीबद्दल सावध केलं आहे, कारण तिथले लॉक भरवशाचे नसतात. त्याची डब्ल्यूएएल (बदल आधी वेगळ्या नोंदवहीत लिहायची) पद्धत तर जाळ्यावर चालतच नाही, तिला सगळे प्रोग्रॅम एकाच यंत्रावर आणि मेमरी सामाईक लागते. एकाच डेटाबेसमध्ये अनेकांनी लिहायचं असेल तर फाइल वाटू नका. डेटाबेस सर्व्हर चालवा आणि सगळ्यांनी त्याच्याशी बोला.

दवबिंदू

बाहेरून पोचण्याबद्दल थोडं. राउटरवर पोर्ट ४४५ उघडून एसएमबी इंटरनेटला दाखवण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो मनातून काढून टाका. वायरगार्डसारखा व्हीपीएन लावा, किंवा एसएफटीपी. वेबडॅव्ह हाही पर्याय आहे, एचटीटीपीएसवरून जात असल्याने तो कुठेही अडत नाही. मात्र विंडोजचा अंगभूत वेबडॅव्ह क्लायंट मूळ मांडणीत सुमारे ५० मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल उतरवत नाही. ती मर्यादा रजिस्ट्रीत वाढवावी लागते.

अक्षरवेडी

उशिरा आले, पण आपल्या सर्वांच्या रोजच्या अडचणीचा विषय राहिला आहे: देवनागरी नावांच्या फाइली. मी मराठी मजकुराचं संकलन करते, माझी नावं सगळी मराठीत असतात.

पहिली गोष्ट लांबीची. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलप्रणालींत नाव २५५ बाइटांत बसावं लागतं. यूटीएफ-८ या तिथल्या नेहमीच्या संकेतनात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे ८५ चिन्हं. काना, मात्रा, हलन्त सगळी वेगळी मोजायची. नुसतं "क्षि" लिहिलं तरी चार चिन्हं, १२ बाइट. विंडोजची एनटीएफएस फाइलप्रणाली बाइट न मोजता यूटीएफ-१६ या दुसऱ्या संकेतनाची २५५ एककं मोजते, आणि त्यात देवनागरीचं चिन्ह म्हणजे एकच एकक. त्यामुळे लेखाचं पूर्ण शीर्षक हेच फाइलचं नाव ठेवलं तर विंडोजवर ते सुखाने नांदतं आणि लिनक्स सर्व्हरवर चढवताना अडतं. दोष प्रोटोकॉलचा नसतो, पलीकडच्या डिस्कचा असतो.

दुसरी गोष्ट "ऱ" ची, आणि ही मराठीला खास जाचते. युनिकोडमध्ये ऱ हे एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतं आणि र अधिक नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणूनही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नाव जतन करताना ते फोडून ठेवायची. लिनक्स नावातले बाइट जसेच्या तसे ठेवतो. तेव्हा "दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं" नावाचं फोल्डर जुन्या मॅकवरून लिनक्सवर आरसिंक केलं की तिथे डोळ्यांना सारखीच दिसणारी दोन फोल्डरं शेजारी उभी राहू शकतात.

उंबरठा

@अक्षरवेडी, या प्रतिसादासाठी खास आभार. मॅकच्या बाबतीत आरसिंकला आयकॉन्व्ह हा पर्याय आहे. त्यात मॅकच्या बाजूचं यूटीएफ-८-मॅक आणि दुसऱ्या बाजूचं यूटीएफ-८ असं सांगितलं की नावं जाता जाता जुळवली जातात. मूळ आरसिंक हवा मात्र, मॅकसोबत येणारा नव्हे, आणि तो आयकॉन्व्हसह बांधलेला हवा.

अक्षरवेडी

हो, तो उपाय चालतो. पण एक प्रकार त्यानेही सुटत नाही. "ऱ्या" काही कीबोर्ड ऱ आणि हलन्त असं उमटवतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं शून्य-रुंदी जोडचिन्ह असं. पडद्यावर अक्षर तेच. युनिकोडच्या लेखी मात्र ही दोन वेगळी लेखनं आहेत, प्रमाणीकरण केलं तरी ती एक होत नाहीत. त्यामुळे दोन सहकाऱ्यांचे कीबोर्ड वेगळे असतील तर एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याने नाव टाइप करून शोधली तर सापडणार नाही, मग सर्व्हर एसएमबीचा असो की एनएफएसचा.

आमच्या गटात आम्ही सर्वांसाठी एकच कीबोर्ड मांडणी ठरवली आहे, आणि जुन्या नावांमधली शून्य-रुंदी चिन्हं शोधून ती नावं बदलणारी छोटी स्क्रिप्ट सर्व्हरवर रोज रात्री चालते. कोणाला हवी असेल तर व्यनि करा, पाठवते.